डाव्या बाजूचा किल्ट

१८ नोव्हेंबर, सोमवार
आणलं एकदाचं कापड! शनिवार पेठेतल्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "लाल-हिरवी चौकड, पाच मीटर? शाळा काढताय?" म्हटलं, वडिलांना किल्ट शिवायचाय. त्याने कात्री उचलली.

बाबा बावीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये किल्ट – तो चुण्यांचा घागरा – नेसून बॅगपाइप वाजवायचे. येत्या एक तारखेला इथेच खडकीत जुन्या बँडवाल्यांचा मेळावा आहे. पण मार्चमध्ये उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. म्हणतात, "दुसऱ्याने नेसवलेलं घालून मिरवू?" रोज सकाळी "पोरी" अशी हाक येते – पायजम्याची नाडी बांधायला. मी बांधेपर्यंत ते भिंतीकडे बघत राहतात. मला ते आधीचे बाबा हवेत, चहा पिता पिता मला सूर ओळखायला लावणारे. फार हवेत.

२१ नोव्हेंबर
चुण्या घालून बोटं सोलली. बक्कल नाही, वेल्क्रो लावणार. एका हाताने लागेल!

२६ नोव्हेंबर
फजिती! जुन्या फोटोत बघून वेल्क्रोची पट्टी कमरेच्या उजव्या बाजूला शिवली, अगदी हुबेहूब. डावा हात तिथवर पोचला तरी पट्टी ओढता कुठे येतेय? तीनदा किल्ट घसरला. मी पुढे झाले तर "राहू दे." डावीकडे घेते म्हटलं – "बँडमध्ये उजवीकडेच." विषय संपला. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२९ नोव्हेंबर
न विचारता उसवलं. पट्टी डावीकडे लावली. किल्ट त्यांच्या खुर्चीवर ठेवला. ढुंकूनही बघितलं नाही.

१ डिसेंबर, रविवार
सकाळी त्यांच्या खोलीतून वेल्क्रोचा आवाज – चर्र. थोड्या वेळाने पुन्हा चर्र. मी दाराबाहेर श्वास रोखून. दार उघडलं. नेसले होते! जरा तिरका, पण नेसले होते. "रिक्षा बोलाव."

मेळाव्यात बँडमधले रंगरावकाका दारातच भेटले. "जयभीम तात्याराव! अहो, उलट्या बाजूने नेसलात की!"

"मी नेसलो," बाबा म्हणाले. "एकट्याने."

येताना रिक्षात गुणगुणत होते. मी सूर बरोबर ओळखला.

४ डिसेंबर
काल बाबांनी तिन्ही पायजमे माझ्यापुढे टाकले. "यांनाही लाव." हौसेने लावून दिलं.

आज सात वाजले, साडेसात वाजले. आतून एकदाच चर्र झालं. हाक आली नाही. मी ओट्यापाशी हात पुसत उभीच.