नाव विचारल्यावर

दि. ३ मार्च

ती. दादास,
प्रभूत सा. सलाम. वि. वि.

बाळी मजेत आहे. मामासारखीच जेवणाच्या वेळेला बरोबर जागी होते. हे लिहून मोकळी झाले, आता खरं सांगते. परवा तिला टबात आंघोळ घालताना माझ्या आत कुणीतरी स्पष्ट म्हणालं, की हात सोड. तेव्हापासून सासूबाई तिला आंघोळ घालतात आणि मी दुसऱ्या खोलीत कान दाबून बसते.

मनाच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्याही आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या. असे विचार कितीतरी बाळंतिणींना येतात म्हणाल्या. माणसाच्या आत एकच मी नसतो, बरेच जण असतात, असंही म्हणाल्या. मग त्यांनी बायबलातल्या, कबरस्तानात राहणाऱ्या त्या पछाडलेल्या माणसाची गोष्ट काढली. प्रभूने त्याला नाव विचारलं, तर तो सैन्य म्हणाला, कारण आत पुष्कळ जण होते. तूही आतल्या बाईला हाकलू नकोस, नाव विचार, असं त्यांचं म्हणणं. पण पुढे ते सगळे डुकरांत शिरून समुद्रात बुडालेच ना? पुन्हा पाणीच. मला फार भीती वाटते. कुणाला सांगू नकोस.

तुझी चिमणी


दि. ८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. वहिनी समोरच होती, तिला सांगावंच लागलं. तुझ्या बाई शिकलेल्या असतील, पण ओळी गाळून वाचतात. चर्चचा पाळक मी आहे की त्या? प्रभू आधी बाहेर नीघ म्हणाला, नाव नंतर विचारलं. सैतानाशी कसली ओळखपाळख वाढवतेस?

पुढच्या रविवारी उपासना आटोपली की मंडळीच्या दोन वडीलजनांना घेऊन येतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू. बाळीला थोडे दिवस आमच्याकडे नेऊ, वहिनीने पाळणाही पुसून ठेवलाय. तोवर तिला एकटीने घेऊ नकोस, हात जोडतो. राग येऊ दे, माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


दि. १२ मार्च

ती. दादास,
सा. सलाम.

पाळण्याचं वाचलं आणि ताट सरकवून उठले. ओळींचं तुझं बरोबर, मी ताडून पाहिलं. पण दादा, पहिल्या हुकमाला ते सैन्य निघून गेलं असतं, तर नाव विचारायची वेळच कशाला आली असती? मीही आधी हाकलूनच पाहिलं होतं. जितकं हाकलावं तितकी ती जास्त बोंबलायची.

म्हणून काल विचारलं. टब कोरडाच होता, सासूबाई दारात. बाई, तू कोण, तुला काय हवंय, असं मनातच विचारलं. मग रडू आलं, आणि कळलं की हे रडणं तिचं आहे. बाळी बुडेल याचंच तिला भय. कारखान्यात मी बाटल्यांवरचे चरे शोधते ना, एकही नजरेतून सुटू नये म्हणून, तशीच ही. वाईटात वाईट तेच ओरडून सांगते, म्हणजे माझी पकड ढिली पडणार नाही. ती गेलेली नाही दादा. मी अजून घाबरतेच.

रविवारी ये, पण वडीलजन नकोत. बाळीला नेलंस तर ती बाई खरोखर वेडी होईल, आणि मीही. त्या दिवशी आंघोळ मीच घालणार. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्यात. सासूबाईंनाही बाहेर थांबवणार आहे. तू दाराशी उभा राहा आणि मी हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस. एवढा लोभ दाखवच.

तुझी चिमणी


दि. १५ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

एकटाच येतो. इतकी वर्षं ती गोष्ट सांगत आलो, पण पहिल्या हुकमाला काहीच हललं नव्हतं हे कधी डोक्यात आलं नाही. आता बरोबर कोण ते मला कळेनासं झालंय. पाळकाने हे लिहावं, म्हणजे कमालच! वहिनी म्हणते, तुमच्या आतही कुणीतरी ओरडतंय, त्यालाही नाव विचारा. माझा धीर झाला नाही.

दाराबाहेर उभा राहीन. फक्त आत तोंडाने काहीतरी बोलत राहा, मला शिव्या घातल्यास तरी चालेल. नुसतं पाणीच वाजत राहिलं, तर माझ्याने बाहेर उभं राहवणार नाही.

तुझा दादा