नेग्रोनी, बिनदारूची

दि. ४ फेब्रुवारी

चि. तराजू यास,

अ. आ. वि. वि. फोनवर तू एकेका वाक्याचा इतका विचार करतोस की मला लाइन गेली असं वाटतं. म्हणून पत्रच लिहिते.

पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. तुला आठवत असेल, तुझ्या भावोजींनी मला मागणी घालायचं धैर्य बाबा बारमन होते त्या हॉटेलात, बाबांच्याच काउंटरवर, बाबांच्याच हातच्या तीन नेग्रोनी रिचवून गोळा केलं होतं. आणि एवढं करून मागणी घातली ती शेजारी उभ्या असलेल्या वेटरकडे. आता डॉक्टरांनी त्यांचं यकृत पाहून थेंबभरही दारू नको असं बजावलं आहे. पण त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात तीच लाल, कडू नेग्रोनी हवी असा त्यांचा हट्ट आहे. तेव्हा बाबांना हाताशी धर आणि घरच्या घरी बिनदारूची करून बघ. अडतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय? आणि तू तर शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. मोजायची भांडी हाताशीच आहेत. चाळीस माणसं येणार आहेत. पत्रिका छापून झाल्या, त्यात पेयाचं नावही घालून बसले आहे. म्हणजे नाही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

माया आहेच, ती कुठे जात नाही. उत्तराला मात्र पंधरा दिवस लावू नकोस.

तुझी ताई

दि. १५ फेब्रुवारी

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अकरा दिवस लागले, पंधरा नव्हेत.

आधी भांड्यांबद्दल. ती शाळेची आहेत, आणि त्यांतून आजवर काय काय गेलं आहे ते मला माहीत आहे. म्हणून मी स्वतःसाठी नवी मोजनळी विकत आणली.

नेग्रोनीत तीन दारू समसमान असतात: जिन, एक लाल कडू आणि एक गोडसर वाइन. जिनच्या जागी जुनिपरची वाळकी फळं आणि लिंबाची साल गरम पाण्यात मुरवली. लाल कडूसाठी संत्र्याच्या साली आणि औषधाच्या दुकानातली एक कडू मुळी उकळली, रंगाला बीट. तिसरीच्या जागी द्राक्षाचा रस, कोरा चहा आणि दोन लवंगा. इथवर आल्यावर मी बाबांना चव बघा म्हणालो, तर गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई, तुला हे माहीत होतं का? बाबांनी जन्मात एकदाही नेग्रोनी चाखलेली नाही. नोकरी धरताना त्यांनी आजीला शब्द दिला होता, हात लावीन पण ओठ लावणार नाही. चव घेणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं ते म्हणतात. ते सगळं कानाने करायचे. ढवळताना बर्फ आधी टणटण वाजतो, मग आवाज मऊ होत जातो. तो हवा तेवढा मऊ झाला की ओतायचं.

पंचाईत अशी, की दारू नसली की बर्फ वेगळाच वाजतो. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि पाणी, नुसतं पाणी, म्हणून मान हलवतात. गेले नऊ दिवस आम्ही एक पेय करतो आहोत जे अजून कोणीही प्यायलेलं नाही. साखरेचा पाक वाढवल्यापासून आवाज सुधारला आहे. मी विज्ञानाचा पदवीधर आहे आणि वरचं वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे.

भावोजींना नमस्कार. तुझी माया मोजायला माझ्याकडे नळी नाही, तेव्हा ती आहे असं धरून चालतो.

तुझा धाकटा

दि. २७ फेब्रुवारी

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. बातमी वाईट आहे आणि माझ्यामुळे आहे.

मंगळवारी चौदाव्या खेपेला बाबांनी डोळे उघडून आवाज जमला असं जाहीर केलं. तेव्हा मी मुद्दा मांडला, की यात दारूच नाही, म्हणजे आजीला दिलेला शब्द मोडत नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला तुमची कारागिरी चाखता येईल. हे मला सुचलं याचा तेव्हा अभिमानही वाटला, ते कबूल करतो. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि चमचाभर तोंडात घेतली.

जे तोंड वाकडं झालं ते दोन पेले पाणी पिऊनही सरळ होईना. मग त्यांनी विचारलं, खरी नेग्रोनीही अशीच लागते का. इथे मी मुळी जरा जास्त उकळली असं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण खरी मी दोनदा प्यायलो आहे, आणि बाबांपाठोपाठ चमचाभर मीही चाखली तर आमची तिच्यासारखी हुबेहूब उतरली होती. मी तसं सांगितलं. तीन दिवस झाले, मी स्वतःला विचारतो आहे की तो खरेपणा होता, की आपला प्रयोग फत्ते झाल्याची फुशारकी. उत्तर मला अनुकूल येत नाही.

बाबांनी चमचा धुऊन पालथा ठेवला. मग म्हणाले, अडतीस वर्षं मी माणसांना हे पाजलं आणि ती बिचारी भिडेखातर पीत राहिली. तुझ्या समारंभात तेच पुन्हा वाटायला ते येणार नाहीत. हॉटेलच्या गणवेशातला त्यांचा फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे, आणि जुन्या गिऱ्हाइकांची लेखी माफी मागायची म्हणून यादी काढली आहे. त्यांचा हात हलतो, त्यामुळे लेखनिक मीच. पहिलं पत्र जजसाहेबांना गेलं. ते एकोणीस वर्षं रोज यायचे.

रागव, खुशाल रागव. लोभाला तेवढी झळ लागू देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. ४ मार्च

चि. तराजू यास,

अ. आ. वि. वि. मी तुला पेय करायला सांगितलं होतं, बाबांना मोडीत काढायला नव्हे. एवढा शिकलास, एक साधं खोटं बोलायला कुठल्याच इयत्तेत शिकवलं नाही का? तुझे भावोजी म्हणतात, मी स्वतः येऊन बाबांना सांगतो की ती अमृतासारखी लागायची. पण लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या स्वयंपाकालाही ते अमृतच म्हणाले होते आणि तो बाबांनी चाखलेला आहे, तेव्हा त्यांचा शब्द चालायचा नाही.

आता नीट ऐक. पेय गेलं खड्ड्यात, मी लोकांना सरबत देईन. पण ज्या माणसाने आयुष्यभर एकच काम केलं, त्याला ते काम वाया गेलं असं वाटत राहावं, हे मला सहन होणार नाही. बाबा आले नाहीत तर समारंभ रद्द. तू बिघडवलंस, तूच नीट कर.

माया या पत्रापुरती आवळून धरली आहे.

तुझी ताई

दि. १३ मार्च

ति. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. जजसाहेबांचं उत्तर आलं. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी निकालपत्रच लिहितात. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाची तक्रारच दाखल नसताना माफी मंजूर करता येत नाही. आणि बाबांना स्वतः तक्रार करायची असेल तर त्यांना तो अधिकार नाही, कारण चमच्याने चव घेणारा काही गिऱ्हाईक ठरत नाही. आधी रीतसर गिऱ्हाईक व्हा, मग बोला.

यात थट्टा किती आणि कायदा किती ते मला सांगता येणार नाही. बाबांनी मात्र ते शब्दशः घेतलं. तक्रार करायचा हक्क मिळवायलाच हवा, म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला बाबा कोट-बूट घालून घराबाहेर जातात आणि बेल वाजवतात. मी दार उघडतो. ते स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसतात. ओट्यामागे मी, खांद्यावर फडकं. मला ते ओळखत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी इथे काय मिळतं असं विचारलं, आणि एकच गोष्ट मिळते म्हटल्यावर हॉटेल सुमार आहे असं म्हणाले. तक्रारवहीत लिहायला लावलं: बर्फ मोठा, बारमन हळू, पेय अतिशय कडू. मग अर्ध्या ग्लासानंतर हवा बरी आहे म्हणाले. मग गुडघा. मग, घरी आम्ही दोघंच असतो, मी आणि मुलगा.

बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं, गिऱ्हाईक बोलत असताना बारमनने कोरडा ग्लास पुसत राहायचं. ताई, मी एकच कोरडा ग्लास पाऊण तास पुसला. मग त्यांनी दुसरा मागितला. मी वहीत नोंदवू का विचारलं, तर वही उद्या बघू म्हणाले. काल तर पावणेसहापासूनच बाहेर येरझाऱ्या घालत होते.

त्या मुलाबद्दल ते काय काय बोलले, ते तुला लिहावं का? भाऊ म्हणून लिहायला हवं. बारमन म्हणून लिहिता येत नाही. ते मला परका माणूस समजून बोलतात की मीच आहे हे जाणून, तेही विचारता येत नाही, कारण विचारलं की दुकान बंद. माझ्या रोजच्या डायरीची ती पानं मी कोरी ठेवली आहेत. असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

समारंभाबद्दल अजून बोलणं नाही. तुझ्या लोभाची गाठ सैल झाली असेल तर कळव.

तुझा धाकटा

दि. १७ मार्च

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद. हात हलतो, म्हणून हे पत्र इथल्या बारमनला सांगून लिहवून घेतो आहे. माणूस सावकाश आहे, पण अक्षर चांगलं आहे.

नेग्रोनी कडू आहे. यात बदल नाही. मी आता रीतसर गिऱ्हाईक आहे, चौदा ग्लास झाले, तेव्हा अधिकाराने सांगतो. पण तक्रार मागे घेतली. पहिला ग्लास संपेपर्यंत माणूस हवापाण्यावरच असतो. जे सांगायचं असतं ते दुसऱ्यात येतं. गोड असती तर पहिला दोन घोटांत संपवून घरी गेलो असतो. कडू आहे म्हणून घोट घोट प्यावी लागते, आणि घोट घोट प्यायचं तर बसावं लागतं. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहून मला हे अडतीस वर्षं दिसलं नाही. जजसाहेबांना दिसलं असावं, पण ते निकाल राखून ठेवतात.

बावीसला येतो. चाळीस माणसांना ऐंशी ग्लास धर. एकेक देऊन हात आखडू नकोस. मी ढवळणार नाही, मी बसणार आहे. मला स्टूल लागेल, खुर्ची चालायची नाही. जावईबापूंना माझ्या शेजारी बसव. मागणी घालताना ते भलत्याशी बोलले होते, ते एकदा माझ्याशी बोलू देत.

आणखी एक, तुझ्यापुरतं. तुझी आई गेल्यावर चिरंजीव एक ट्रंक घेऊन माझ्याकडे राहायला आले. काही गरज नव्हती, असं मी दारातच म्हणालो. गरज होती. बारा वर्षं झाली, सांगायचं राहून गेलं. इथल्या बारमनला सांगितलं, जरा हलकं वाटलं. चिरंजीवांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते तारीख-वार विचारत बसतील.

सर्वांना आशीर्वाद, आमच्यावरची माया अशीच, जरा कडक, असू द्यावी.

तुझे बाबा

ता. क. वरचा मजकूर बाबांनी सांगितला तसा, काना-मात्रा न बदलता, मी बारमन या नात्याने लिहून घेतला आहे. मुलगा म्हणून मी तो वाचलेला नाही.