थुंकीची डबी

डोणगाव,
माघ, एकादशी

प्रिय सहदेव,

ही चिठ्ठी उभ्या उभ्या वाचू नको. कापसाच्या जिनातल्या त्या सरकीच्या धुळीतून बाहेर ये, झाडाखाली बस अन् शेवटपर्यंत वाच. माहं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसशील तर खरं ते राहून जाईल. सिंधूकडून लिहून घेतलं असतं, सातवीत गेली ती, अक्षर मोत्यासारखं आहे. पण यातलं निम्मं लेकीनं लिहायचं नाही, म्हणून मीच कित्ता गिरवून राह्यली.

आधी त्या डबीचं. दिवाळीनंतर तू आला तेव्हा असा खोकत होता की दावणीचं वासरू बिचकून उठे. मी तुले कान धरून दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं ती पत्र्याची डबी हातात दिली, वर कागद चिकटवलेला, त्यावर तुहं नाव अन् सगळं इंग्रजी. आता राज्य मराठीचं झालं म्हणतात, मंत्री येऊन भाषणं ठोकून गेले, पण डबीपर्यंत काही मराठी पोचली नाही. तो म्हणे, उद्या सकाळी स्पिट आणा. मी म्हटलं, बापा, ते कोणत्या दुकानात भेटते? तर दात काढून हसला मेला. घरी सिंधूनं पुस्तक काढून सांगितलं, स्पिट म्हणजे थुंकणे. मग पान उलटून म्हणे, थुंकी पण स्पिटच. मी विचारलं, बेडका? तो पण. लाळ? ती पण. अन् तुह्या बापाची पानाची पिचकारी? ती पण स्पिटच, आई. मी तर कपाळावर हात मारला. आपल्यात लेकरावर थू थू केलं की दृष्ट उतरते, माणसावर थुंकलं की वैर होते, अन् दिला शब्द फिरवणाऱ्याले थुंकून चाटणारा म्हणतात. इंग्रज एवढं राज्य करून गेला अन् एकाच शब्दावर भागवत होता. कंपाउंडरले तरी बरं समजत होतं. त्यानं बजावलं होतं, तोंडातलं पाणी नको, छातीतून खाकरून काढा, चूळ भरायच्या आधी.

तू ती डबी अशी धरून बसला जसा हातात विंचू आहे. काऊन, ते मले माहीत होतं. आई म्हणायची, नख, केस अन् थुंकी परक्याच्या हाती पडू देऊ नये, करणी होते. आई गेली, पण तिचं भेव तुह्यात ठेवून गेली. मी ओरडली, अबे, त्या डॉक्टरले तुह्यावर करणी करून काय भेटणार, तुही ती ठिगळाची बंडी? तू हसला. सकाळी डबी भरलेली, झाकण घट्ट. मले वाटलं, चला, अक्कल आली. मीच माह्या हातानं नेऊन दिली, अन् तू दुपारच्या एसटीनं खामगावले पसार.

निकाल मागल्या महिन्यात आला. त्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत म्हणे. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, बाई, रडू नका, आता यावर इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, कित्येक महिने घ्यावं लागते पण माणूस उठून बसते. फक्त माणूस आणा. मी तिथंच पायरीवर बसली. तुले कडेवर घेऊन फिरली होती मी, तुह्यावर थू थू करून करून माहं तोंड कोरडं पडे. घरी येऊन तुही थाळी राखेनं घासून वेगळी ठेवली, तुही गोधडी उन्हात टाकली. शेजारची कौशल्याबाई विचारे, काय झालं वं? म्हटलं, ढेकूण झाले. मग भाकरी बांधल्या अन् खामगावले तुले आणाले निघाली.

तुहे भाऊजी ओसरीवर बसले होते. निकाल ऐकल्यापासून तोंडातून एक टिंगल नाही. तुले माहीत आहे, हा माणूस ओसरीवरून अंगणातल्या लिंबापर्यंत पिचकारी पोचवतो अन् वरून मिशीले पीळ देतो. लग्न झाल्यापासून मी ती भिंत खरवडून राह्यली, कात काही निघत नाही. ते म्हणाले, जाऊ नको, ती थुंकी त्याची नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. गोठ्यामागं तू रिकामी डबी धरून उभा होता, अन् ह्यांनी हिसकली. आण बे इकडे, माह्या थुंकीवर कोणाची करणी चालते ते पाहू. अन् दोघं खिदळले. दोन घोडे झाले, एकाची मिशी पांढरी होऊन राह्यली, अन् डॉक्टरले फसवून खुश!

म्हटलं, मग चला दवाखान्यात. तर ह्यांनी पलटी मारली. म्हणे, तुहं रडणं थांबावं म्हणून तसं बोललो, थुंकी सहदेवचीच होती, त्याचं नाव आहे डबीवर, त्यानंच सुया टोचून घ्याव्या, मी पैलवान माणूस. सांग, याले थुंकून चाटणं नाही तर काय म्हणू? मी एकटीच गेली. कंपाउंडरनं विचारलं, नाव काय तुमच्या मालकाचं? आजवर उखाण्यातही अडखळली मी, पण तिथं सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, तुळशीराम. त्यानं नवी डबी दिली. ती कोनाड्यात रिकामी पडली आहे. हे तिच्याकडं पाठ करून जेवतात.

एवढं सगळं तुले आजच काऊन लिहिलं ते ऐक. इतके दिवस मी पण मनाले समजावत होती की हे तगडे आहेत, थुंकी लाल तर पान खाल्लं म्हणून लाल. आज एकादशी आहे. ह्या दिवशी हे पानाले शिवत नाहीत, चंची खुंटीवरच असते. सकाळी लिंबाखाली खोकले, मी मागून झाडत गेली, अन् माती लाल होती. सिंधूनं पाहू नये म्हणून वर राख टाकली. ह्यांनी मले राख टाकताना पाहिलं, अन् पाठ फिरवून गोठ्याकडं गेले. माहं ऐकत नाहीत, पण तू समोर उभा राहून म्हटलं की भाऊजी, ती डबी तुम्हीच भरली, तर कोणत्या तोंडानं नाही म्हणतील? मिळेल त्या एसटीनं ये. तुह्या नावाची पण डबी मागून आणली आहे, तुहा खोकला अजून कोणी तपासला नाही. दोघांनी माह्यासमोर, आपापल्या डबीत, छातीतून थुंकायचं. करणी झाली तर मी पाहून घेईन.

ओसरीवर वाट पाहून राह्यलेली,
तुहीच अक्का,
जनका