रस्त्याच्या त्या बाजूचं तेल

पौष शुद्ध ३, शके १८३०

आज परत तेच. पिशवी हातात घेतली, तोच इकडून शब्द आला, "शालिग्रामकडूनच आणायचं." मी म्हटलं, त्याच्या डाळीत खडे निघतात. उत्तर आलं, "खडे निवडता येतात."

येतात की. पण निवडतं कोण?

धारहून लग्न होऊन इथे देवासला आले तेव्हा मला ही गंमत वाटायची – एक गाव आणि दोन महाराज. मधून रस्ता जातो. आमची बाजू थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या महाराजांची, समोरची धाकट्या पातीची. इकडची स्वारी थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून, म्हणून आमच्या घरातलं मीठसुद्धा याच बाजूचं हवं. तसा हुकूम कुणाचा नाही. घरातच केलेला नियम आहे. समोर उमाशंकरचं दुकान वीस पावलांवर. त्याची तूरडाळ आमच्या ओसरीवरून दिसते. आणि मी तीन गल्ल्या तुडवून शालिग्रामकडे जाते, खडे आणायला!

पौष शुद्ध ८

तेल संपलं होतं, शालिग्रामकडून आणलं. फोडणी घातली तर डोळ्यांत झणझणलं. तिळाच्या तेलाचा वास असा नसतो. बोट बुडवून चाखलं, घशात कडू उतरलं. जेवताना इकडे सांगितलं. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," एवढंच.

पौष वद्य १

सासूबाईंचे पाय सुजलेत. घोट्याजवळ बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. रोज टेकडीवर देवीला जाणारी बाई, आज उंबऱ्यापाशीच बसली. वैद्य म्हणाले, थंडीचा वात आहे, सुंठ द्या.

सुंठसुद्धा शालिग्रामकडचीच. भुसभुशीत, कीड लागलेली. परत नेऊन त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "बाई साब, सगळ्या माळव्यात अशीच आली आहे." त्याची बायको सुभद्रा आतल्या दारातून बघत होती. मला बघून हसली. मी नाही हसले.

पौष वद्य ६

शेजारच्या भवानीबाईंचे पाय सुजलेत. त्यांच्या दोन्ही सुनांचेही. एका घरात तिघींना एकदम वात होतो? भवानीबाईंना विचारलं, तेल कुठलं? "आपल्याच बाजूचं, शालिग्रामचं. दुसरं कुठलं असणार?"

दुपारभर डोक्यात तेच.

पौष वद्य ७

आज गल्लीतल्या घराघरांत जाऊन आले. हळदीकुंकवाचं निमित्त केलं, पण नजर बायकांच्या पायांकडे. सात घरं. पाच घरांत शालिग्रामचं तेल, पैकी चार घरांत सूज. दोन घरांत तेल समोरचं – एकाची बहीण धाकट्या पातीत दिली आहे, ती पाठवते. दुसरे कुणाला भीत नाहीत. त्या दोन्ही घरांतल्या बायका तुरुतुरु चालतायत.

हे मी इकडे सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणणं काय, "बायकांच्या पायांवरून तेलाची परीक्षा? वैद्याला जास्त कळतं की तुला?" वैद्यानं पाय पाहिले, तेल पाहिलं नाही. पण हे बोलायची सोय नाही. म्हणून इथे लिहिते.

पौष वद्य ९

आज रस्ता ओलांडला.

भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, एका हातात रिकामा तांब्या आणि दुसऱ्या हातात शालिग्रामच्या तेलाची वाटी. वीस पावलं तर होती. उमाशंकरनं वाटी नाकाशी नेली, तळहातावर थेंब घेऊन चोळला. म्हणाला, "भाभी, ये अकेली तिल्ली नहीं है. सरसों मिली है, और उसमें भी कुछ और है. क्या है, मैं नहीं जानता. पर मैं तो ये बैल को भी न लगाऊं." तिळात मोहरी, आणि मोहरीतही आणखी काही! मग त्यानं माझ्यासमोर त्याचं तेल तांब्यात ओतलं. सोनेरी, पातळ. घरी येऊन पहिली फोडणी घातली आणि कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघराला तिळाचा वास आला.

शालिग्रामचं राहिलेलं परसात ओतून टाकलं.

पौष वद्य १२

कळलंच. इकडची स्वारी दफ्तरातून आली ती जोडेसुद्धा न काढता आत. वरचे कारकून भैयासाहेब चार जणांत म्हणाले म्हणे, "गणपतराव, तुमच्या घरचे पाय हल्ली त्या बाजूला पडतात." सगळे हसले.

"माझी मान खाली घातलीस," हे मला ऐकवलं. मी विचारलं, पाय कुठे पडले ते भैयासाहेबांनी विचारलं, पाय कुणाचे सुजले ते का नाही विचारलं? उमाशंकर काय म्हणाला तेही सांगितलं. तर म्हणे, "उमाशंकर समोरचा दुकानदार, तो शालिग्रामच्या तेलाला नावं ठेवणारच." यात खोटं काही नाही. पण तेल मीही चाखलंय. माझी जीभ कुठल्या पातीची आहे?

हे मी बोलून गेले. मग भीती वाटली. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. आजवर त्यांनी मुलाच्या शब्दापुढे शब्द टाकला नव्हता. म्हणाल्या, "आधी मला चालता येऊ दे. मग कुठल्या बाजूला चालायचं ते ठरवा." इकडची स्वारी ओसरीवर जाऊन बसली. संध्याकाळी जेवताना भाजी दोनदा घेतली. तेल कुठलं ते विचारलं नाही.

माघ शुद्ध ५

सासूबाईंची सूज उतरतेय. आज घोट्याचं हाड दिसलं. दोन्ही हातांनी चाचपून बघत होत्या, हरवलेली वस्तू सापडावी तशा.

भवानीबाईंची धाकटी सून मात्र दोन पावलांत धापा टाकते. ती सहा महिन्यांची गरोदर आहे. मी तेल नेऊन दिलं तर भवानीबाई म्हणाल्या, "ठेव, पण यांना कळू देऊ नकोस." घराघरांत हेच. सुजलेल्या पायांनी बसायचं, पण रस्ता ओलांडायचा नाही!

माघ शुद्ध ७

आज राहवलं नाही. शालिग्रामच्या दुकानी गेले. चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "शेठ, तुमच्या तेलानं आमच्या गल्लीतल्या बायका अंथरुणाला खिळल्या. तुम्ही त्यात काय मिसळता?"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

तो पांढरा पडला. म्हणाला, "म्हैं कई नी मिलावां, बाई साब. पीपे जैसे आए वैसे बेचां. म्हारा घर में भी योज तेल खावे." मी म्हटलं, सगळे लबाड असंच म्हणतात. घरात हेच तेल खाता ना? मग बोलवा घरच्यांना.

त्यानं हाक मारली. सुभद्रा आली. भिंतीला धरून आली, एकेक पाऊल ओढत. पायांत चांदीची कडी असायची, ती नव्हती; सुजेवर चढत नसणार. तोंडही फुगलेलं. तशातही मला बघून हसली. तिला वाटलं, मी तिची विचारपूस करायला आले.

शालिग्राम तिच्या पायांकडे बघत राहिला. मला वाटतं, त्यानं ते आजच नीट पाहिले.

मी घरी आले. गल्लीतल्या सातही घरांत गेले होते मी. तिच्याकडे जायचं मनातही आलं नाही. ती दुकानदाराची बायको, म्हणून.

माघ शुद्ध ८

दुकान उघडं आहे आणि तेलाचा पीपा जिथल्या तिथे! बायकोचे पाय पाहूनही! भवानीबाईंचे यजमान आज सकाळीच तिथून तेल घेऊन आले. शालिग्राम त्यांना म्हणाला म्हणे, "नवा माल येईपर्यंत काय करू? दुकान बंद ठेवू?" हो, ठेवा. पण हे त्याला सांगणार कोण? इकडे सांगितलं तर फक्त ऐकून घेतलं. पण या वेळी मला गप्प बस म्हटलं नाही.

माघ शुद्ध ९

सकाळी परसदारी सुभद्रा. तीन गल्ल्या चालत आली होती, पदराखाली रिकामा पितळी डबा. बसायला पाट दिला तर बसली नाही. बसलं तर उठता येणार नाही म्हणाली. "भाभी, मुझे भी उस पार ले चलो. अकेली की हिम्मत नहीं होती."

तिचा हात धरून निघाले. रस्त्याच्या मध्यावर ती दम घ्यायला थांबली. दोन्ही बाजूंची दुकानं आमच्याकडे बघत होती.