तिच्या नावाचं कार्ड

सर,

आज पुन्हा तुमची बदनामी करून आले. वर्तकनगरच्या हॉलमध्ये बत्तीस जण होते. डॉक्टर, नर्स, दोन शाळांमधल्या बाई, माजिवड्याचा एक कंपाउंडर. त्यांना सांगितलं की एक फॅमिली डॉक्टर होते, साऱ्या गावाचे लाडके, आणि त्यांनी एका मुलीचं वाक्य तिच्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर डोंबिवलीचे तिघे-चौघे उठूनच गेले असते, कारण तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी तुमच्या हातगुणावर लोकांचा अजून विश्वास आहे. माझाही आहे. तरी ही गोष्ट मी प्रत्येक शिबिरात पहिल्याच सकाळी सांगते, आणि तशी सांगण्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

शिबीर कसलं, असं तुम्ही विचाराल. तेरा ते वीस-एकवीस वयाच्या मुलामुलींना दवाखान्यात कसं भेटायचं, ते आम्ही डॉक्टरांना शिकवतो. तुम्ही हसाल. ‘त्यात काय शिकायचंय गं, जीभ दाखव म्हणायचं आणि बॅटरी मारायची.’ आम्ही आधी डॉक्टरांना पेशंटच्या स्टुलावर बसवतो. शेजारी एक नर्स त्यांची आई होते. खुर्चीतला माणूस विचारतो काय होतंय, आणि उत्तर आईनेच द्यायचं. भूक लागते का, आई सांगणार. झोप येते का, आई सांगणार. पाच मिनिटांत तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस वैतागतो आणि म्हणतो, ‘अहो, मला बोलू द्या की.’ पुढचे दोन दिवस मग सोपे जातात. घरच्यांनी दहा मिनिटं बाहेर बसायचं, आणि सगळ्यांच्याच घरच्यांनी, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही. पोटदुखी, पुटकुळ्या, पाळी, झोप, परीक्षेची धास्ती, कुणावर जीव जडलाय ते, सगळं एकाच खोलीत एकाच माणसाने ऐकायचं. मनाचं काही निघालं की ‘पाठवा ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात’ म्हणून खिदळायचं नाही. आणि एखादी मुलगी म्हणाली की माझं मन मुलावर नाही, मैत्रिणीवर आहे, तर तिला टॉनिक लिहून द्यायचं नाही, कारण तो आजार नाही. आज यावर कल्याणचे एक जुने डॉक्टर म्हणाले, ‘म्हणजे म्याडम, आता आम्ही प्रेमपत्रंही वाचायची?’ मी म्हटलं, ‘वाचू नका हो. फक्त बापाच्या हातात नेऊन देऊ नका.’ सगळे हसले. तेही हसले, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

डोंबिवलीतला तुमचा दवाखाना पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या बाटल्या थरथरायच्या आणि तुम्ही स्टेथोस्कोप कानाला लावून गिरणी थांबायची वाट बघायचात. मागच्या भिंतीला लाकडी खणांचं कपाट, त्यात घराला एक कार्ड. वर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव, खाली त्याच्या बायकोची कंबर, आईचा दमा, मुलांचे गोवर, सगळं एकाखाली एक. मी नवी होते, पदवी ताजी होती, आणि मला ते कपाट फार आवडायचं. अख्ख्या घराची पंधरा वर्षं तुमच्या एका मुठीत मावायची. पेशंट बसला की तुम्ही कार्डावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचायचात, ‘मागच्या खेपेला आजीबाईंचा खोकला. कशा आहेत?’ आणि लोक खूष व्हायचे, डॉक्टरांना आपलं घर पाठ आहे म्हणून.

तुमचं अक्षर मात्र देवालाही लागलं नसतं. कंपाउंडर औषध द्यायच्या आधी तीनदा आत यायचा. एके दिवशी तुम्ही खिशातलं स्वतःचं शाईचं पेन काढून माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, ‘आजपासून कार्डं तू लिही. आणि एक लक्षात ठेव, पेशंटचं वाक्य पेशंटच्याच शब्दांत लिहायचं. आपलं शहाणपण त्याच्याखाली.’ इतकं चांगलं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते पेन मी अजून वापरते. आजही शिबिरात हे वाक्य सांगते, आणि तेव्हा तुमची बदनामी करत नाही.

ती एकोणीस वर्षांची होती. वडील शहाडच्या कारखान्यात पाळीवर, आई घरी, तीन भावंडांत ही थोरली. चक्कर येते, अन्न जात नाही, म्हणून आई तिला घेऊन आली होती, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा तुम्ही रक्त वाढायची इंजेक्शनं दिली होती. त्या दिवशी तुम्ही व्हिजिटला गेलेले आहात. मी एकटी आहे. आई तिच्याऐवजी सगळं सांगते आहे, ‘अहो, भाताचा घास म्हणून घेत नाही ही. कॉलेजातून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. शेजारीण काय काय बोलते, मला तर झोप नाही.’ खाली गिरणी थांबते. आई दचकते, ‘अगं बाई, माझं दळण. आलेच हं.’ आणि जिना उतरते. तेवढी पाच मिनिटं त्या मुलीला मिळाली, ती गिरणीवाल्याच्या कृपेने. माझ्या अकलेने नाही.

दार लोटलं गेलं तशी ती म्हणाली, ‘शेजारणीला वाटतं तसं काही नाहीये. माझं लग्न ठरवतायत. मला मुलगा नकोच. मला माझ्या मैत्रिणीबरोबर राहायचंय. वेडी नाहीये मी.’ मग म्हणाली, ‘घरी सांगू नका हं.’ मी तिला म्हटलं, तू वेडी नाहीस. तेवढं एक बरोबर बोलले. मग पेन उघडलं आणि तुम्ही शिकवलेलं तसं, तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, सुवाच्य अक्षरात लिहिलं. आई पिठाचा डबा कडेवर घेऊन वर आली तेव्हा शाई वाळत होती.

शनिवारी तिचे वडील बोटाला मशीन लागलं म्हणून आले. मी ड्रेसिंगचं तबक घेऊन तुमच्या मागे उभी होते. तुम्ही खणातून कार्ड काढलंत आणि सवयीने शेवटची ओळ मोठ्याने वाचलीत. ‘मला मुलगा नकोच म्हणते. मैत्रिणीबरोबर राहायचंय म्हणते.’ तिथे तुम्ही थांबू शकला असता. मला अजून वाटतं, थांबला असता तर काहीतरी निभावून नेता आलं असतं. तुम्ही थांबला नाहीत. ‘घरी सांगू नका म्हणते,’ हेसुद्धा वाचलंत. वडिलांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग तुम्ही चष्मा काढलात आणि अगदी मायेने म्हणालात, ‘काही नाही हो, वय असतं. चांगलं स्थळ बघा, सगळं मार्गी लागेल.’ त्या माणसाने बोट तसंच उघडं ठेवून हात जोडले.

ते गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, ‘सर, ती विश्वासाने बोलली होती.’ तुम्ही हात धूत होता. ‘अगं, विश्वास कुणावर? माझ्यावर ना? मी त्या घरात तिच्या जन्माआधीपासून जातोय. घर हाच पेशंट असतो, हे तुला कॉलेजात नाही शिकवणार.’ तेव्हा मी ड्रेसिंगचं तबक आवरायला घेतलं. आज उत्तर देते, ऐका. घर पेशंट नसतं. चक्कर घराला येत नव्हती, तिला येत होती. अन्न घराने सोडलं नव्हतं, तिने सोडलं होतं. तुम्ही घर बरं केलंत आणि जी आजारी होती तिलाच औषध म्हणून वापरलंत. तुमची चाळीस वर्षांची पुण्याई एका पारड्यात आणि ती तीन वाक्यं दुसऱ्या पारड्यात, तरी मी तुम्हाला सूट देणार नाही.

दीड महिन्यात लग्न झालं. आपल्याला आमंत्रण होतं आणि आपण दोघं गेलो. तुम्हाला शाल-श्रीफळ दिलं. जेवताना तिच्या वडिलांनी स्वतः तुम्हाला जिलेबीचा आग्रह केला, आणि तुमच्या शेजारी बसले होते म्हणून मलाही केला. नवरा-नवरी पाया पडायला आली तेव्हा तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलंत, ‘आता चक्कर येते का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ रिक्षात बसल्यावर तुम्ही मला म्हणालात, ‘बघ. बरी झाली की नाही?’

यानंतर मी तुमच्याकडे आणखी दोन वर्षं राहिले. मग कल्याणला स्वतःचा दवाखाना काढला. तुम्ही पेढे घेऊन आलात, खुर्चीत बसून बघितलंत, नळ सोडून बघितलात, शेवटी खण उघडलेत. माणशी एक कार्ड, वर त्याचंच नाव, बारा वर्षांच्या पोराचंही. ‘घरं फोडायचा कारखाना काढलास की काय गं?’ असं तुम्ही हसत म्हणालात. मी म्हटलं, ‘कार्डाने फुटत असेल तर ते घर आधीच तडकलेलं असणार, सर.’ तुम्ही चहा संपवलात आणि पाऊस येईल म्हणून उठलात. त्यानंतर आपण फारसे भेटलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेला मी शेवटच्या रांगेत होते. लोक तुमच्याबद्दल बोलले ते खरंच होतं सगळं. मला बोलायला बोलावलं, मी मान हलवून नाही म्हटलं.

तुम्हाला वाटेल, एका मुलीवरून एवढं काय. पण तुमचं वाक्य तुमच्याबरोबर गेलेलं नाही. परवाच्या शिबिरात एक पंचविशीची डॉक्टर म्हणाली, ‘घर हाच पेशंट, असं आमचे सर सांगतात.’ तुमच्या दवाखान्याचा जिनाही तिने पाहिलेला नाही. म्हणून मी थकत नाही. आत्ता या हॉलमध्ये, मग त्या शाळेत, खुर्च्या लावायला माणूस नसला तर स्वतः लावते आणि पुन्हा सांगते.

गेल्या महिन्यात ती आली. मी ओळखलं नाही. शहाडहून आले म्हणाली. केसांत पांढरं, खांद्याला ऑफिसची पर्स, बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. मुलगी शाळेत जायच्या वेळेला रोज ओकते. मी मुलीला विचारलं, ‘काय होतंय?’ आणि सवयीने आईकडे बघून सांगणार होते की तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा. त्याआधीच ती उठली. ‘हिचं वेगळं कार्ड काढा,’ म्हणाली, ‘हिच्या नावाचं.’ मी म्हटलं, ‘इथे सगळ्यांची वेगळीच असतात.’

‘आता असतात,’ ती म्हणाली, आणि दार लोटून बाहेर गेली.

तेव्हा ओळखलं. बाकावर ती वीस मिनिटं बसून होती, एकदाही आत डोकावली नाही. तिच्या मुलीने मला काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या कार्डावर आहे, आणि ते तिचं आहे.

पण ‘आता असतात’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शिबिरातल्या गोष्टीत मी ते कधीच घेत नाही. आज घ्यायचं ठरवून गेले होते. तुम्ही वाचून दाखवलंत तिथपर्यंत सांगून झालं, बत्तीस जण माझ्याकडे बघत होते, आणि मी घड्याळात बघून म्हटलं, चला, जेवून घेऊ.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते मोठ्याने वाचलं असतं. तुम्ही वाचलंत त्याची चूक तुमचीच, त्यातलं तसूभरही मी माझ्याकडे घेत नाही. पण त्या दिवशी आई दळण बघायला गेली होती, तुम्ही व्हिजिटला होता, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी पेन उघडलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबांच्या कार्डावर नका ना लिहू. माझं वेगळं काढता येईल का?’ कोरी कार्डं माझ्या उजव्या हाताला होती. ‘इथे तशी पद्धत नाही,’ असं मीच तिला सांगितलं, सर.