चालत्या माणसाचे पैसे

प्रिय ताई,

पाकिटाची जाडी बघूनच तू चष्मा शोधायला उठली असशील. बस निवांत. आठ महिने तुझ्यापासून लपवलेली एक गंमत सांगायची आहे. चाळीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून काढलेल्या बाईला तिचा लिफ्ट दुरुस्त करणारा भाऊ आरोग्य खातं कसं चालवावं ते सांगणार आहे, तेव्हा आधी पोटभर हसून घे.

झालं असं, की आरोग्य खात्याच्या कचेरीतली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आत एक बाई एकट्याच. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. जोडीदार वर मशीनशी झटत होता आणि मी तिसऱ्या मजल्यावर पालथा पडून दाराच्या फटीतून गप्पा मारत होतो. बाई चिडून म्हणाल्या, "अशी बंद पाडून तुम्हाला काय मिळतं हो?" म्हटलं, "मिळतं कसलं! बंद पडली की आमच्या कंपनीचे त्या दिवसाचे पैसे कापतात. म्हणून तर कुणी बोलावलेलं नसताना आम्ही दर महिन्याला तेल घालायला येतो. पैसे चालत्या लिफ्टचे असतात." मग काय अवदसा आठवली कोण जाणे, पुढे बोलून गेलो, "तुमच्या दवाखान्यांचं उलटं. माणूस बंद पडला की यांचं मीटर सुरू. मग तेल घालायला येणार कोण?" वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात खालून खो खो हसू ऐकू आलं. बाई खात्यातल्या मोठ्या अधिकारी निघाल्या. बाहेर आल्यावर धूळ झटकत म्हणाल्या, "हे मला लिहून द्या."

लिहायला चार रविवार गेले. प्रत्येक दवाखान्याला आसपासच्या दर माणसामागे महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी. माणूस ठणठणीत असेल तर पूर्ण, टाळता येण्यासारख्या दुखण्याने आडवा झाला तर निम्मी. उपचार फुकटच. शेवटी एक खोडसाळ कलमही घातलं, की महिनाभर एकही रुग्ण आला नाही तर डॉक्टरांना एक दिवस जादा सुटी.

मग खात्याच्या समितीने बोलावलं. समोर सात जण. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग मी तरणीताठी माणसंच घेईन आणि म्हाताऱ्यांना दारातूनच वाटेला लावीन. त्याचं काय?" प्रश्न चोख होता. मी म्हटलं, "जुन्या इमारतीतल्या लिफ्टला आम्ही दर जास्त लावतो. म्हाताऱ्यांमागे जास्त द्या, तुम्हीच त्यांना शोधत याल." त्या चक्क लिहून घ्यायला लागल्या! पण घरी येताना मलाच एक प्रश्न पडला. दुखणं टाळता आलं असतं की नाही, हे ठरवायचं कुणी? तुझ्या वॉर्डात आलेल्यांपैकी किती जणांना तिथे यावंच लागलं नसतं? तुझा अंदाज काय? मला खरंच ऐकायचंय.

शेवटी निम्म्या रकमेचं कलम उडालं. डॉक्टरचे पैसे कापले तर आजारच लपवले जातील, असं समितीचं म्हणणं पडलं आणि ते मला पटलं. सुटी तर कुणी वाचलीसुद्धा नसावी. पण माणशी रक्कम आणि घरोघर जाऊन तपासणी, एवढं टिकलं. एका दवाखान्यात वर्षभर करून बघायचं ठरलं, आणि तो दवाखाना निघाला नेमका आमच्याच गल्लीच्या टोकाचा.

तिथली नर्स ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, आणि चिकाटी म्हणशील तर गोचिडासारखी. शेजारच्या शिंपीकाकांची साखर तिनेच पकडली. माझ्या दारी आली तेव्हा मी कामावर निघालो होतो. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी अंघोळीला पळालो. तिसऱ्यांदा तर आतूनच ओरडलो, "घरात कुणी नाही!" ती जिन्यातच बसली. म्हणाली, "काका, माझी नोकरी तुमच्या कागदामुळे लागली. मी कुठे जातेय आता?" काय करतो, उघडलं दार. नाडी बघून तिने एकच विचारलं, "जिना चढताना थांबावं लागतं का?"

ताई, थांबावं लागतं. गेलं वर्षभर दोन मजल्यांनंतर थांबतो आणि जोडीदाराला सांगतो, हत्यारं तपासतोय. तू फोनवर विचारलंस तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या, उत्तम आहेत, असं म्हणालो. ते साफ खोटं होतं. बाबा गेले त्या वयाला मी पोचलोय आणि मला भीती वाटत होती, म्हणून ही सगळी गंमतही तुझ्यापासून लपवली. सांगितली असती तर तूही हेच विचारलं असतंस. त्या नर्सने तपासणीला धाडलं, तर हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. बारा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी विचारलं, किती वेळेत? म्हणाले, हा प्रश्न विचारायला तुम्ही आहात, इतक्या वेळेत. फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. मी एकटा जीव, तिथे तुझंच नाव लिहिलंय. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. दहा तारखेच्या गाडीने निघ. मी स्टेशनवर येईन, पण सामान थोडंच आण, मला उचलू देणार नाहीत.

तुझाच खोटारडा,
खटपट्या