वारा पडू दे म्हणू नकोस

प्रिय आये,

कच्छवरून तुझ्या पायांवर डोकं. फोनवर वाऱ्याचा आवाज ऐकलास की तू रडतेस, म्हणून पत्र लिहितोय.

मी ठीक आहे. जेवण बरं आहे, फक्त मासळी नाही. पवनचक्क्या मात्र रोज वाढतायत. परवा माझ्या जोडीच्या सर्वेशचा पाय चक्कीच्या शिडीवरून सटकलेला, पण कमरेच्या पट्ट्याने धरला त्याला. आता हसतो, चढत मात्र नाही. त्याची चढायची पाळी मला दिलीय.

शीळफाट्याला म्हणे गच्ची-गच्चीवर सोलर आलेत. बाबा आपल्या सोलरवर अजून सुकट वाळवतात का?

ताई सांगत होती, वारा पडावा म्हणून तू एकवीरेला नवस बोललीस. आये, तो मागे घे. जोराचा वारा असला की आम्हाला खालीच बसवतात. वारा पडला की वर पाठवतात.

इथे सकाळपासून झाडाचं पान हलत नाहीये.

तुझाच,
नयन